केंद्राचा सशर्त निधी आणि राज्याचे विभाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केंद्र पुरस्कृत योजनांचा पैसा राज्याच्या विभागांमार्फत खर्च होतो, तेव्हा त्याच्यासोबत अटी येतात, मुदती येतात आणि हिशेब देण्याची जबाबदारी येते. मंत्रालयातल्या कार्यासनांत, संचालनालयांत, जिल्हा परिषदेच्या लेखा शाखांत काम करणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उदाहरणांतले आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. नियम आणि मुदती मात्र खऱ्या आहेत.

सशर्त निधी नेमका कशाला म्हणायचे?

केंद्राकडून राज्याकडे पैसा तीन वाटांनी येतो. पहिली वाट करांतल्या वाट्याची. पंधराव्या वित्त आयोगाने हा वाटा ४१ टक्के ठरवला होता. त्या पैशावर कुठलीही अट नसते, राज्याने तो हवा तसा वापरावा. दुसरी वाट संविधानाच्या अनुच्छेद २७५ खालच्या अनुदानांची, ती वित्त आयोगाच्या शिफारशीने मिळतात. तिसरी वाट अनुच्छेद २८२ ची. समग्र शिक्षा, राष्ट्रीय आरोग्य अभियान, प्रधानमंत्री आवास योजना, जल जीवन मिशन अशा केंद्र पुरस्कृत योजना या वाटेने चालतात. इथे पैसा कशावर, किती आणि कधीपर्यंत खर्च करायचा हे केंद्राचे मंत्रालय ठरवते आणि खर्चाचा पुरावा मागते.

या पानावर मुख्यतः तिसऱ्या वाटेबद्दल लिहिले आहे, कारण विभागांची सर्वाधिक दमछाक तिथेच होते.

केंद्र हिस्सा आणि राज्य हिस्सा यांचे प्रमाण किती असते?

२०१५ साली नीती आयोगाने नेमलेल्या मुख्यमंत्र्यांच्या उपगटाच्या शिफारशींनंतर बहुतेक मुख्य योजनांसाठी ६०:४० हे प्रमाण ठरले. ईशान्येकडील आणि हिमालयीन राज्यांना ते ९०:१० आहे. ऐच्छिक योजनांत ५०:५०. महाराष्ट्र आणि गोवा दोन्ही सर्वसाधारण गटात येतात. योजनेनुसार फरक असतातच. जल जीवन मिशनमध्ये महाराष्ट्राचा हिस्सा निम्मा आहे. म्हणून प्रमाण पाठांतरावर लिहू नका, त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांतून उचला. एकाच योजनेत दोन घटकांचे प्रमाण वेगळे असले, तर प्रत्येक घटकाचा हिशेब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. वर्षाच्या शेवटी तो वेगळा काढणे फार अवघड जाते.

मंजुरी आदेश आला की सगळ्यात आधी काय पाहायचे?

रक्कम सगळेच पाहतात. खरे काम त्याखालच्या परिच्छेदांत असते. आदेश छापून घ्या आणि पेन्सिल हातात धरून पुढच्या गोष्टींवर खूण करा.

आदेश क्रमांक आणि दिनांक. उपयोगिता प्रमाणपत्रात, म्हणजे पैसा ठरलेल्या कामी खर्च झाल्याच्या दाखल्यात, तो अक्षरशः तसाच उतरायचा असतो, एखादी तिरपी रेघ चुकली तरी प्रमाणपत्र परत येते. मग लेखाशीर्ष, म्हणजे रक्कम हिशेबात कुठे नोंदायची त्याचा सांकेतांक. केंद्राच्या बाजूने राज्यांना दिलेली अनुदाने ३६०१ या मुख्य शीर्षाखाली खर्ची पडतात, राज्याकडे ती १६०१ खाली जमा होतात. त्याखाली गौण शीर्ष पाहा: ७८९ म्हणजे अनुसूचित जाती घटक, ७९६ म्हणजे आदिवासी क्षेत्र उपयोजना. बऱ्याचदा एकाच हप्त्याचे सर्वसाधारण, ७८९ आणि ७९६ असे तीन वेगळे आदेश निघतात आणि वेगवेगळ्या दिवशी पोहोचतात. विभाग पहिल्या आदेशावर प्रस्ताव चालवतो, उरलेले दोन टपालात राहतात आणि नंतर तिघांचा मेळ बसत नाही. आदिवासी घटकाचा पैसा सर्वसाधारण लाभार्थ्यावर खर्च झाला, तर एकूण रक्कम बरोबर असूनही आक्षेप निघतो.

त्यानंतर निधी कशासाठी आहे ते पाहा: आवर्ती खर्चासाठी, वेतनासाठी, की भांडवली मत्ता उभारण्यासाठी. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात यांची उद्दिष्ट शीर्षे, म्हणजे खर्चाच्या प्रकाराचे सांकेतांक, वेगळी आहेत. ३१ म्हणजे वेतनेतर सहायक अनुदाने, ३६ म्हणजे वेतनाची, ३५ म्हणजे भांडवली मत्तेच्या निर्मितीसाठीची. भांडवली निधी ३१ खाली वितरित झाला की पुढचा प्रत्येक कागद चुकतच जातो.

शेवटी मागील शिल्लक. केंद्राच्या मंत्रालयाने आधीची अखर्चित रक्कम किती धरून हा हप्ता काढला आहे, ते आदेशात बहुधा लिहिलेले असते. तो आकडा तुमच्या बँक खात्याशी त्याच दिवशी पडताळा. चूक असेल तर हरकत तेव्हाच कळवायची असते. सहा महिन्यांनी कळवलेली हरकत कोणी ऐकत नाही.

पैसा ‘आला’ असे कधी धरायचे?

दिल्लीत आदेश निघाला त्या दिवशी नव्हे, आणि विभागाला पत्र मिळाले त्या दिवशीही नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या नागपूरच्या केंद्रीय लेखा विभागामार्फत राज्याच्या खात्यात रक्कम जमा झाली, तो दिवस धरायचा. एकल नोडल खात्याच्या (एसएनए, म्हणजे योजनेचे राज्यभर एकच बँक खाते) पद्धतीत त्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत केंद्र हिस्सा योजनेच्या नोडल यंत्रणेच्या खात्यात पोहोचला पाहिजे. मूळ सूचना २३ मार्च २०२१ च्या आहेत, त्या १ जुलै २०२१ पासून लागू झाल्या. तेव्हा मुदत २१ दिवसांची होती, पुढे ती ३० दिवसांची झाली.

तीस दिवस भरपूर वाटतात, पण वाट लांब आहे. जमा झाल्याची माहिती वित्त विभागाकडून प्रशासकीय विभागात येते. कार्यासन प्रस्ताव तयार करते. नियोजन आणि वित्त विभागांची सहमती लागते. शासन निर्णय निघतो, त्याला संगणक सांकेतांक मिळतो. मग बीम्स या राज्याच्या ऑनलाइन प्रणालीवर निधीचे वितरण, आहरण व संवितरण अधिकाऱ्याने (देयके काढून पैसे देणाऱ्याने) त्या प्रणालीतून बीडीएस ही निधीची पावती काढणे, देयक तयार करून कोषागारात सादर करणे, मुंबईत असाल तर अधिदान व लेखा कार्यालयात. देयक पारित झाल्यावर रक्कम नोडल खात्यात जाते.

यातले सर्वाधिक दिवस सहमतीच्या फाइलवर जातात. त्यामुळे आदेशाची प्रत पीएफएमएसवर (केंद्राच्या निधी व अदायगीच्या ऑनलाइन प्रणालीवर) दिसली की जमा होण्याची वाट न पाहता प्रस्तावाचा मसुदा तयार ठेवा. राज्य हिश्शाचा प्रस्ताव त्याच फाइलवर, त्याच टिप्पणीत घ्या. दोन फाइली केल्या की केंद्र हिस्सा पोहोचतो आणि राज्य हिस्सा महिनोन्महिने मागे राहतो.

उशीर झाला तर किती भुर्दंड पडतो?

१ एप्रिल २०२३ पासून ३० दिवसांपुढच्या प्रत्येक दिवसाला वार्षिक ७ टक्के दराने दंडव्याज लागते. समजा केंद्र हिस्सा १५ कोटी आहे. वर्षाचे व्याज १ कोटी ५ लाख, म्हणजे दिवसाला सुमारे २८,७६७ रुपये. वीस दिवस उशीर झाला तर ५ लाख ७५ हजार रुपयांच्या वर. ही रक्कम योजनेच्या पैशातून देता येत नाही, ती राज्याच्या तिजोरीतून जाते. एखाद्या टेबलावर फाइल वीस दिवस पडून राहिली तर त्याची किंमत एवढी असते, आणि ती टिप्पणीत आकड्यानिशी लिहावी. आकडा दिसला की फाइल हलते.

पुढचा हप्ता कधी मिळतो? ‘७५ टक्के’ कशाचे?

केंद्राचे मंत्रालय एका वेळी वर्षाच्या नियत (राज्याला ठरवून दिलेल्या) रकमेच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त सोडत नाही. पुढचे २५ टक्के मिळवायला दोन गोष्टी लागतात: आधीच्या केंद्र हिश्शाला लागणारा राज्य हिस्सा नोडल खात्यात जमा झालेला असणे, आणि आतापर्यंत मिळालेल्या एकत्रित रकमेतले किमान ७५ टक्के खर्च झालेले असणे.

६०:४० ची योजना घेऊ. केंद्राचे वर्षाचे ६० कोटी, राज्याचे ४० कोटी. पहिला हप्ता केंद्राचा १५ कोटी, त्याला राज्याचे १० कोटी. खात्यात २५ कोटी. दुसऱ्या हप्त्यासाठी यातले १८ कोटी ७५ लाख खर्च झाले पाहिजेत. अनेक कार्यालये १५ कोटींचे ७५ टक्के, म्हणजे ११ कोटी २५ लाख खर्च करून प्रस्ताव पाठवतात आणि तो परत का आला ते त्यांना कळत नाही. टक्केवारी दोन्ही हिश्शांच्या बेरजेवर काढायची असते.

आणि ‘खर्च’ म्हणजे अंतिम अदायगी. पुरवठादाराला, कंत्राटदाराला, लाभार्थ्याला, स्वयंपाकी-मदतनीसाला पैसे पोहोचले तेव्हा खर्च झाला. जिल्ह्याला काढण्याची मर्यादा ठरवून दिली म्हणजे खर्च झाला नाही. बांधकाम यंत्रणेकडे रक्कम ठेव म्हणून वर्ग केली तरी झाला नाही. न फिटलेला प्रवास अग्रिमही खर्च नाही. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

नोडल खात्यातली रक्कम मुदत ठेवीत ठेवता येते का? व्याज कोणाचे?

ठेवता येत नाही. मुदत ठेव, फ्लेक्सी खाते, बहुपर्यायी ठेव, यातले काहीही चालत नाही. योजनेचे राज्यभर एकच नोडल खाते, आणि खालच्या यंत्रणांची शून्य शिल्लक खाती किंवा त्यांना ठरवून दिलेली काढण्याची मर्यादा. खालच्या खात्यात पैसा पडून राहायला नको, हाच या रचनेचा हेतू आहे.

बचत खात्यावरचे व्याज योजनेवर खर्च करायचे नाही. हिश्शाच्या प्रमाणात ते दोन्ही संचित निधींत भरायचे. ६०:४० च्या योजनेत १२ लाख व्याज आले तर ७ लाख २० हजार केंद्राकडे, ४ लाख ८० हजार राज्याकडे. केंद्राचा भाग भारतकोश पोर्टलवरून भरता येतो. चलन जपून ठेवा, उपयोगिता प्रमाणपत्रासोबत ते लागते.

‘एसएनए स्पर्श’ पद्धतीत काय बदलते?

पैसा आगाऊ बँकेत येत नाही. केंद्राचे मंत्रालय ‘मदर सँक्शन’ काढते, म्हणजे खर्चाची मर्यादा देते. विभाग राज्याच्या कोषागार प्रणालीत देयक लावतो, पीएफएमएसवर पडताळणी होते, आणि रिझर्व्ह बँकेच्या ई-कुबेर प्रणालीतून गरजेपुरती रक्कम, केंद्र आणि राज्य हिस्सा मिळून, थेट घेणाऱ्याच्या खात्यात जाते. पडून राहिलेली शिल्लक नाही, व्याज परत करण्याची कटकट नाही. चांगली पद्धत आहे.

अडचणी वेगळ्या जागी सरकल्या आहेत. देयक कोषागारातून जाणार म्हणजे राज्याच्या अर्थसंकल्पात दोन्ही हिश्शांची तरतूद आधीच हवी. पीएफएमएसवरची योजना आणि राज्याचे लेखाशीर्ष यांची जोडणी चुकली, तर देयके सरसकट नाकारली जातात. सर्वसाधारण, ७८९ आणि ७९६ च्या मर्यादा स्वतंत्र असल्याने एकीत पैसा असून दुसरी संपलेली असते. आणि ३१ मार्चला उरलेली मर्यादा संपते, बँकेतल्या शिलकीसारखी पुढच्या वर्षात येत नाही. जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत जाताना जुन्या खात्याचा ताळमेळ आधी पूर्ण करा. नंतर दोन पद्धतींचे आकडे एकमेकांत मिसळतात.

केंद्राने पैसा दिला, पण राज्याच्या अर्थसंकल्पात तरतूदच नाही. आता?

एप्रिल २०१४ पासून केंद्र पुरस्कृत योजनांचा निधी राज्याच्या संचित निधीतूनच जातो. त्याआधी त्यातला बराचसा थेट सोसायट्यांच्या खात्यात यायचा. आता विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय रुपयाही काढता येत नाही. तरतूद कमी असेल तर अनुदानाच्या त्याच मागणीत पुनर्विनियोजन (एका शीर्षातली बचत दुसऱ्याकडे वळवणे) होते का ते आधी पाहा. नसेल तर पुरवणी मागणी करावी लागते, आणि ती पावसाळी, हिवाळी किंवा अर्थसंकल्पी अधिवेशनातच येते. ऑगस्टमध्ये चूक लक्षात आली तर नागपूरच्या अधिवेशनापर्यंत थांबावे लागते आणि दंडव्याजाचे घड्याळ चालूच राहते. म्हणून अंदाजपत्रक करताना केंद्राने कळवलेली नियत रक्कम धरा. गेल्या वर्षीच्या खर्चात दहा टक्के मिळवून तरतूद मागू नका.

उपयोगिता प्रमाणपत्र परत का येते?

आधी नमुना नीट निवडा. सर्वसाधारण वित्तीय नियम २०१७ नुसार राज्य शासनाने शासकीय यंत्रणांमार्फत केलेल्या खर्चासाठी नमुना १२-सी. नोडल यंत्रणा सोसायटी किंवा परिषद असेल, तर अनुदान घेणाऱ्या संस्थेसाठीचा १२-ए. त्यावर संस्थेचा वित्तप्रमुख आणि संस्थाप्रमुख अशा दोघांच्या सह्या लागतात.

परत येण्याची कारणे दरवर्षी तीच असतात. सुरुवातीची शिल्लक गेल्या वर्षीच्या अखेरच्या शिलकेशी जुळत नाही. केंद्र हिश्शाच्या प्रमाणपत्रात राज्य हिस्सा मिसळलेला असतो. अग्रिमे खर्चात धरलेली असतात. व्याज मिळाले पण दाखवले नाही, किंवा दाखवले पण भरल्याचे चलन नाही. भांडवली आणि आवर्ती खर्च एकाच ओळीत. प्रमाणपत्रातला खर्च लेखापरीक्षित विवरणपत्रापेक्षा जास्त.

आता १२-सी चा खालचा भाग पाहा. वर आकडे असतात, पण खाली सही करणारा अधिकारी लिहून देतो की अटी पूर्ण झाल्याची मी खात्री करून घेतली आहे आणि पैसा त्याच कामी वापरला गेला हे पाहण्यासाठी मी पुढील तपासण्या केल्या आहेत. त्याखाली १, २, ३ असे रिकामे आकडे असतात. बहुतेक प्रमाणपत्रांत तिथे ‘प्रमाणके तपासली, लेखे तपासले’ एवढेच टंकलेले असते, कधी तेही नसते. त्या तीन ओळींत खरोखर केलेले काम लिहा: अमुक जिल्ह्यांतली अमुक टक्के प्रमाणके तपासली, अमुक दिनांकाला बँक ताळमेळ घेतला, अमुक कामांना भेट दिली. तसे काम झाले नसेल तर आधी ते करा, मग सही करा. ज्या अधिकाऱ्याची सही आहे, त्याला पाच वर्षांनी लेखापरीक्षणात याच तीन ओळींबद्दल विचारले जाते.

मुदत साधारणपणे आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांची असते, पण त्यावर विसंबू नका. पुढच्या वर्षाचा पैसा अडकायला त्याच्या कितीतरी आधी सुरुवात होते.

दर महिन्याला ताळमेळ कशाकशाचा घ्यायचा?

संपूर्ण सनियंत्रणाचा कणा हाच आहे. हे एक काम नीट झाले तर वर लिहिलेल्या निम्म्या अडचणी उद्भवत नाहीत.

एका योजनेचे आकडे चार ठिकाणी असतात: महालेखापालांचे लेखे, बँकेचे विवरण, पीएफएमएस, आणि योजनेचे स्वतःचे माहिती पोर्टल. हे चारही एकच गोष्ट मोजत नाहीत. कोषागारातून नोडल खात्यात रक्कम गेली की महालेखापालांच्या पुस्तकात ती पूर्ण खर्च म्हणून नोंदली जाते. आपल्या उदाहरणात तिथे २५ कोटी खर्च दिसेल, जरी सगळे पैसे बँकेतच असले तरी. त्यामुळे महालेखापालांचा आकडा खात्यातल्या जमेशी पडताळायचा, खर्चाशी नाही.

खर्चासाठी उरलेले तीन. समजा ३१ ऑगस्टला पीएफएमएस ११.८० कोटी दाखवते, बँक ११.६२ कोटी आणि योजनेचे पोर्टल १३.०५ कोटी. पीएफएमएस आणि बँकेतला १८ लाखांचा फरक परत आलेल्या अदायग्यांचा असतो: खाते बंद, आयएफएससी जुना, बँकांच्या विलीनीकरणानंतर बदललेला. पैसे नोडल खात्यात परत आले, पण यादी कोणी उघडली नाही. पोर्टलवरचे पीएफएमएसपेक्षा जादा १ कोटी २५ लाख कुठून आले? तालुक्यांनी देयक सादर केले त्या दिवशीच खर्च नोंदवला, ते पारित व्हायचे आहे. खरा खर्च ११.६२ कोटी.

ताळमेळ म्हणजे नुसता आकडा बदलून चारही रकाने सारखे करणे नव्हे. प्रत्येक फरकाखाली कारण, जबाबदार कार्यालय आणि निस्तरण्याची तारीख लिहा. त्या १८ लाखांमागे माणसे असतात. चार महिन्यांचे मानधन न मिळालेली एखादी मदतनीस पंचायत समितीत विचारायला येते आणि संगणकावर तिच्या नावापुढे ‘अदा’ लिहिलेले असते. परत आलेल्या अदायग्यांची यादी दर आठवड्याला काढा, महिन्याला नव्हे.

तारीखही ठरवून टाका. जिल्ह्यांनी ५ तारखेपर्यंत, नोडल यंत्रणेने १० पर्यंत, विभागाने १५ पर्यंत. ही मुदत कुठल्या नियमातली नाही, आमची सूचना आहे, पण ती पाळली तर विभागप्रमुखाच्या बैठकीत शिळे आकडे येत नाहीत.

भौतिक प्रगती कशी तपासायची?

पैसा ८० टक्के आणि काम ३० टक्के, किंवा उलटे, असे दिसले की थांबा. पैसा पुढे असेल तर आगाऊ अदायगी किंवा चुकीची नोंद असते. काम पुढे असेल तर कंत्राटदाराची देयके अडकलेली असतात आणि काम लवकरच थांबणार असते. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात, शेजारी शेजारी ठेवा.

अक्षांश-रेखांशासह छायाचित्रे उपयोगी असतात, पण छायाचित्रात नळ दिसतो, पाणी दिसत नाही. प्रत्यक्ष भेटीला जाताना यादीतली कामे तुम्ही निवडा, तालुक्याला निवडू देऊ नका. दूरचे, जुने आणि नव्वद टक्क्यांवर अडकलेले असे एक एक काम घ्या. मोजमाप पुस्तिका सोबत न्या. खासदारांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्ह्याच्या ‘दिशा’ समितीसमोर हेच आकडे जातात, तेव्हा विभागाचा अहवाल आणि समितीपुढचा अहवाल वेगळे असू नयेत.

योजनेचा पैसा दुसऱ्या निकडीच्या कामाला वापरता येईल का?

तात्पुरतासुद्धा नाही. ‘पुढच्या महिन्यात परत भरू’ म्हणून पगाराला किंवा दुसऱ्या योजनेला वापरलेली रक्कम हा निधीचा अन्यत्र वापरच असतो, परत भरली तरी. मुभा हवी असेल तर वाट आहे. २०१६ च्या सूचनांनुसार योजनेच्या नियत रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत लवचिक निधी राज्याला योजनेच्या उद्देशाशी जुळणाऱ्या स्थानिक गरजेसाठी वापरता येतो. त्यासाठी राज्यस्तरीय मंजुरी समितीचा ठराव खर्चाच्या आधी हवा. ही तरतूद कमी वापरली जाते, याचे वाईट वाटते. अटी जाचक आहेत अशी तक्रार करताना जी मोकळीक दिली आहे, ती तरी घ्यावी.

मार्चअखेर निधी मागितला तर मिळतो का?

क्वचित. केंद्राच्या मंत्रालयांवरही बंधन असते: शेवटच्या तिमाहीत वर्षाच्या तरतुदीच्या ३३ टक्क्यांपर्यंत आणि मार्चमध्ये १५ टक्क्यांपर्यंतच खर्च. तुमचा प्रस्ताव परिपूर्ण असला तरी त्यांची मर्यादा संपलेली असू शकते. तिसऱ्या हप्त्याचा प्रस्ताव डिसेंबरआधी गेला पाहिजे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जिल्ह्यांकडे पैसे ढकलून ‘शंभर टक्के वितरण’ दाखवणे टाळा. ते वितरण असते, खर्च नव्हे, आणि पुढच्या वर्षीच्या पहिल्या हप्त्यातून तेवढेच कापले जाते.

केंद्राने निधीच रोखला तर?

रोखण्याचे कारण हिशेबाचे आहे की धोरणाचे, ते आधी ओळखा. हिशेबाचे कारण विभागाच्या हातात असते: थकलेली प्रमाणपत्रे, न भरलेले व्याज, न आलेला राज्य हिस्सा. धोरणाचे कारण मंत्रिमंडळाच्या पातळीवर सुटते. पश्चिम बंगालचा रोजगार हमीचा निधी मार्च २०२२ मध्ये त्या कायद्याच्या कलम २७ खाली थांबवला गेला. तमिळनाडूचा समग्र शिक्षेचा निधी पीएम श्री शाळांच्या करारावरून अडला आणि राज्य २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. अशा वेळी विभागाने एवढेच पाहावे की आपल्या बाजूची कागदपत्रे निर्दोष आहेत. वाद मिटल्यावर जुन्या त्रुटींमुळे पैसा पुन्हा अडू नये. आणि कर्मचाऱ्यांचे मानधन राज्याच्या निधीतून चालू ठेवण्याचा प्रस्ताव पहिल्याच महिन्यात मांडावा.

ग्रामपंचायतींच्या वित्त आयोगाच्या निधीलाही हेच नियम आहेत का?

नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२६ या काळात ग्रामीण निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता, ४० टक्के अबंधित. महाराष्ट्रात वाटप जिल्हा परिषद १०, पंचायत समिती १० आणि ग्रामपंचायत ८० टक्के असे होते. राज्याने तो दहा कामकाजी दिवसांत पुढे पाठवायचा, उशीर झाल्यास व्याजासह. लेखे ऑनलाइन उपलब्ध असणे आणि निवडून आलेली संस्था अस्तित्वात असणे या अटी होत्या. निवडणुका लांबल्या तिथे पैसा अडकला, तो या दुसऱ्या अटीमुळे.

महालेखापालांचे पथक काय तपासते?

नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या १९७१ च्या कायद्यातले कलम १५ वाचून ठेवा. विशिष्ट हेतूसाठी दिलेल्या अनुदानात पथक पैसा कुठे गेला ते तर पाहतेच, शिवाय अटी पूर्ण झाल्याची खात्री मंजूर करणाऱ्याने कुठल्या पद्धतीने करून घेतली, तेही तपासते. म्हणजे तुमच्या तपासण्यांचीच तपासणी. अनुदान नोंदवही, बँक ताळमेळाच्या प्रती, भेटींचे अहवाल, मत्ता नोंदवही आणि लाभार्थी निवडीचे ठराव एका जागी ठेवा. अर्धसमास ज्ञापनाला, म्हणजे पथकाने तपासणी चालू असतानाच दिलेल्या लेखी शंकेला, उत्तर त्या आठवड्यात द्या. तेव्हा न दिलेले उत्तर लेखापरीक्षण अहवालातला परिच्छेद बनते आणि परिच्छेद लोकलेखा समितीपुढे जातो.

अधिकारी बदलून गेला की काय घ्यावे?

कार्यभार घेताना फक्त किल्ल्या आणि रोखवही घेऊ नका. योजनानिहाय शिल्लक बँकेच्या त्याच दिवशीच्या विवरणासह, थकीत प्रमाणपत्रांची वर्षवार यादी, न भरलेले व्याज, न फिटलेली अग्रिमे आणि पीएफएमएसवर कोणाची मेकर-चेकर (नोंद करणाऱ्याची आणि ती तपासून मंजूर करणाऱ्याची) ओळख चालू आहे, हे सर्व लेखी घ्या. गेलेल्या अधिकाऱ्याची डिजिटल सही त्याच दिवशी निष्क्रिय करा आणि नवी नोंदवण्याचा अर्ज त्याच टपालाने पाठवा. नव्या सहीला मान्यता मिळेपर्यंत जिल्ह्यातली एकही अदायगी होत नाही.